फोन हळू चार्ज होतोय? बॅटरी बदलायच्या आधी हे ऐका

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि दर वाक्यातलं 'म्हणजे ना' काढून टाकलंय.)

हे ऐकताय त्या फोनची बॅटरी आत्ता किती टक्के आहे? वीसच्या खाली असेल तर आधी चार्जिंगला लावा, मग ऐका. कारण आजचा विषयच तो आहे. फोन कधी भराभर चार्ज होतो, कधी गोगलगायीसारखा. हे नक्की ठरवतं कोण? चार्जर, केबल, बॅटरी की फोन?

हा विषय सुचला माझ्या मामेभावामुळे. तो पुण्यात जेवणाची डिलिव्हरी करतो. दुपारची गर्दी संपली की चारच्या सुमारास खोलीवर येतो, जेवतो, जरा आडवा होतो आणि तेवढ्यात फोन चार्ज करतो. पाऊण तासाच्या आत पुन्हा बाहेर, कारण सातपासून रात्रीच्या ऑर्डरी सुरू होतात. त्याचा फोन म्हणजे त्याचं दुकान. फोन बंद, तर दुकान बंद.

मे महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, बॅटरी गेली वाटतं. आधी चाळीस मिनिटांत बारा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत जायची, आता सदतीसपर्यंत कशीबशी जाते. रात्री साडेआठलाच फोन मान टाकतो. दुकानवाला म्हणतोय बॅटरी बदल, बावीसशे रुपये. बदलू का?"

बावीसशे रुपये. त्यासाठी त्याला किती फेऱ्या माराव्या लागतात ते मला माहितीये. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. मी येते. तोवर एक पैसा खर्च करू नकोस."

रविवारी काय निघालं ते सांगते. पण आधी मुळापासून समजून घेऊ, म्हणजे तुमच्या फोनचं निदान तुम्हालाच करता येईल.

वॉट म्हणजे काय रे भाऊ?

चार्जिंगचा वेग मोजायचा वॉटमध्ये. आणि वॉट काढायचं गणित चौथीतलं आहे: व्होल्ट गुणिले ॲम्पिअर. पाण्याच्या नळाचा विचार करा. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, ॲम्पिअर म्हणजे दर सेकंदाला येणारं पाणी. ५ व्होल्ट आणि २ ॲम्पिअर म्हणजे १० वॉट. ९ व्होल्ट आणि २ ॲम्पिअर म्हणजे १८ वॉट.

आता बॅटरीकडे बघू. तिच्यावर ५००० एमएएच लिहिलेलं असतं. लिथियम बॅटरीचं व्होल्टेज सरासरी ३.८५ धरलं, तर तिच्यात मावते सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा. म्हणजे १९ वॉटने भरली तर कागदावर एक तास लागेल. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे वेळ जास्तच लागतो.

मग जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला फोन लावला की काय होतं? २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे तो पोर्ट देतो ५ व्होल्टला अर्धा ॲम्पिअर. म्हणजे अडीच वॉट! १९ भागिले अडीच करा. साडेसात तास, आणि वाया गेलेलं धरून आठच्याही वर. त्यात तुम्ही हॉटस्पॉट चालू ठेवून रील बघत असाल, तर फोन जेवढं घेतोय तेवढं तिकडेच संपतं. टक्का वाढण्याऐवजी कमी होतो, आणि आपण म्हणतो, "लॅपटॉपचा पोर्ट बिघडलाय." बिघडलेला नसतो बिचारा. त्याचं कामच मुळात माऊस-कीबोर्ड चालवण्याचं होतं.

चार्जर वाढतो, पण मागतो फोन

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. आपल्याला वाटतं, चार्जर फोनमध्ये वीज ढकलतो. म्हणून लोक विचारतात, "लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर लावला तर फोन जळेल का?" चार्जर आणि केबल धड असतील तर नाही जळणार. कारण किती घ्यायचं ते फोन ठरवतो. आग्रह करकरून वाढायची पद्धत इथे नाही.

हॉटेलात बसल्यावर आपण विचारतो ना, "आज काय आहे?" तसंच हे. केबल लागली की फोन आणि चार्जर यांच्यात बोलणं होतं. यूएसबी-सी मध्ये त्यासाठी एक वेगळी तारच असते. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे आपण ज्याला पीडी म्हणतो, त्या पद्धतीत चार्जर आपलं मेन्यू कार्ड वाचून दाखवतो: "माझ्याकडे ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे. प्रत्येकाला इतके ॲम्पिअर मिळतील." फोन त्यातलं त्याला झेपेल ते निवडतो. चार्जर म्हणतो, "ठीक, घे." मगच व्होल्टेज वाढतं.

आणि दोघांना एकमेकांची भाषा कळली नाही तर? मग मेन्यू कार्ड बंद, फक्त चहा मिळेल. म्हणजे सरळ ५ व्होल्ट, आणि त्यावर जितका करंट सुरक्षित वाटेल तितकाच. फोन चार्ज होतो, पण रडत रडत.

आता गंमत अशी की भाषा एक नाहीये. पीडी ही सगळ्यांसाठी खुली भाषा. तिचीच पुढची आवृत्ती पीपीएस. तिच्यात फोन अगदी बारीक, ०.०२ व्होल्टच्या पायरीने व्होल्टेज मागू शकतो. क्वालकॉमच्या क्विक चार्जची पद्धत वेगळी. त्याच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये यूएसबीच्या डेटाच्या तारांवरूनच खुणा केल्या जायच्या. ओप्पोने २०१४ मध्ये आणलेलं वूक तर उलट्याच वाटेने गेलं. व्होल्टेज ५ च्या आसपासच ठेवायचं आणि करंट ४ ॲम्पिअरच्या आसपास न्यायचा. त्यामुळे फोनच्या आत व्होल्टेज उतरवण्याचं काम कमी होतं आणि गरम व्हायचं ते चार्जर होतो. कल्पना छान आहे, पण तिला चार्जरही त्यांचाच लागतो आणि केबलही त्यांचीच.

म्हणून १०० वॉटचा महागडा चार्जर आणूनही तुमचा फोन १० किंवा १५ वॉटवरच अडकू शकतो. चार्जर खोटा नसतो. दोघांची भाषा जुळत नाही, एवढंच.

इथे माझीही एक चूक कबूल करते. दोन वर्षांपूर्वी मी ऐटीत ६५ वॉटचा चार्जर घेतला. घरी येऊन बघते तर फोन जुन्या चार्जरइतकाच वेळ घेतोय. मग फोनची माहिती वाचली. माझा फोन जास्तीत जास्त १८ वॉटच घेऊ शकत होता! ६५ मधले ४७ वॉट मी नुसते शोभेला आणले होते. (हसते) खरेदीच्या आधी वाचायला हवं होतं ते मी खरेदीनंतर वाचलं.

केबल: घरचा भेदी

आता येऊ त्या माणसाकडे, ज्याच्यावर कुणी संशय घेत नाही. केबल.

केबलमध्ये तांब्याच्या तारा असतात आणि प्रत्येक तार विजेला थोडा विरोध करतेच. तार बारीक तर विरोध जास्त. तार लांब तर विरोध जास्त. जाडीसाठी एडब्ल्यूजी नावाचं माप आहे, कधीकधी केबलवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्यात उलटा हिशोब आहे: आकडा लहान, तितकी तार जाड.

आता जरा आकडेमोड करू, घाबरू नका. स्वस्त केबलमध्ये वीज वाहणारी तार २८ नंबरची असू शकते. तिचा विरोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. एक मीटरची केबल घेतली, तर वीज जाते एक मीटर आणि दुसऱ्या तारेने परत येते एक मीटर. एकूण ०.४२ ओहम. तिच्यातून २ ॲम्पिअर वाहिले, तर २ गुणिले ०.४२, म्हणजे ०.८४ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. चार्जरने दिले ५, फोनपाशी पोचले ४.१६. पूर्ण भरलेल्या बॅटरीचंच व्होल्टेज ४.२ ते ४.४५ असतं. मग एवढ्याशा दाबाने ती भरणार कशी? फोनला हे कळतं. व्होल्टेज कोसळतंय असं दिसलं की तो स्वतःच कमी करंट मागतो. वेग गेला.

तीच केबल दोन मीटरची घेतली, गादीवर लोळत फोन बघता यावा म्हणून आपण घेतोच, तर नुकसान दुप्पट. आणि २४ नंबरची जाड तार घेतली तर? मीटरला ०.०८४ ओहम. मग एक मीटरच्या केबलमध्ये ०.८४ ऐवजी ०.३४ व्होल्टच जातात. एवढा फरक फक्त तांब्याचा.

जलद चार्जिंगवाले व्होल्टेज का वाढवतात, तेही इथेच कळतं. १८ वॉट हवेत. ५ व्होल्टवर न्यायचे तर ३.६ ॲम्पिअर लागतात, आणि त्या बारीक केबलमध्ये दीड व्होल्ट गायब होतात. पाचातले दीड! तेच ९ व्होल्टवर नेले तर २ ॲम्पिअर पुरतात आणि नवातले ०.८४ जातात. गावाबाहेरून जाणारे महापारेषणचे ते उंच मनोरे बघितलेत ना? ४०० केव्ही वगैरे पाटी असते. तिथलं तत्त्व हेच. व्होल्टेज वाढवा, करंट कमी ठेवा, तारेतलं नुकसान कमी करा. तुमच्या उशाशी पडलेल्या केबलमध्येही तेच चाललंय.

केबलच्या अजून तीन गोष्टी.

एक, पीडी हवं असेल तर केबलच्या चार्जरकडच्या टोकालाही सी हवं. जुन्या चपट्या, यूएसबी-ए टोकाच्या केबलमध्ये ती बोलायची तार चार्जरपर्यंत जातच नाही.

दोन, साधी सी-टू-सी केबल ३ ॲम्पिअर आणि ६० वॉटपर्यंत. त्याच्यावर जायचं तर केबलच्या टोकात एक छोटी चिप लागते. ती चार्जरला सांगते, "मी ५ ॲम्पिअर सोसू शकते." ही चिप नसेल तर १०० वॉटचा चार्जरही ६० वर थांबतो. आणि थांबलेलंच बरं. नाहीतर केबल तापेल.

तीन, काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. ज्या चार्जिंग पद्धती त्या तारांवरून बोलतात, त्यांचं तोंडच बंद. तुमच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडून फोटो कॉपी होतात का बघा. होत नसतील, तर कदाचित ती अशीच केबल आहे.

शेवटचे वीस टक्के इतके का रेंगाळतात?

सगळं बरोबर असलं तरी एक गोष्ट राहते. ८० टक्क्यांनंतर फोन हळू होतो. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली काळजी आहे.

एसटी स्टँडवर रिकामी लाल परी लागली की पहिली माणसं कशी पटापट चढतात? खिडकीला रुमाल टाकून जागासुद्धा धरतात. पण गाडी भरत आली की मग "दादा जरा पुढे सरका, पिशवी वर घ्या." एकेक माणूस चढायला वेळ लागतो. बॅटरीतही लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जागा शोधतात. सुरुवातीला जागा भरपूर, म्हणून पूर्ण करंट. बॅटरी ठरलेल्या व्होल्टेजला पोचली की फोन व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू कमी करतो. जबरदस्तीने कोंबलं, तर लिथियम थरांत न शिरता वरच धातू म्हणून साचतं. बॅटरीची क्षमता जाते, आणि प्रकरण धोक्याचंही होऊ शकतं.

म्हणून चार्जरवरचा वॉटचा आकडा म्हणजे गाडीचा सर्वांत जास्त वेग. मुंबईपासून पुण्यापर्यंत कुणी त्याच वेगाने जात नाही. जाहिरातीतले वॉट बॅटरी बरीच रिकामी असताना, थोडाच वेळ मिळतात.

आणि दुसरं म्हणजे तापमान. फोन तापला की तो चार्जिंग कमी करतो, कधी पूर्ण थांबवतो. मे महिन्यातली दुपार, जाड कव्हर, खाली उशी आणि वर गेम. मग तो बिचारा स्वतःला वाचवणार की तुम्हाला खूश करणार? बॅटरी जुनी झाली असेल तरी वेग मंदावतो, कारण तिचा आतला विरोध वाढतो. म्हणजे दुकानवाल्याचं म्हणणं अशक्य कोटीतलं नव्हतं. पण खरं आहे की नाही, हे तपासल्याशिवाय बावीसशे का द्यायचे?

रविवारी काय झालं

तर मी खोलीवर गेले. चार्जर फोनसोबत आलेलाच, ३३ वॉटचा. "आणि केबल?" मी विचारलं. म्हणाला, "ती होय, ती मार्चमध्ये टोकाशी तुटली. ही घेतली रस्त्यावरून, ऐंशी रुपयांना. चांगली लांब आहे!"

मी काही बोलले नाही. आधी प्रयोग केला. हा तुम्हीही करा, मीटर-बीटर काही लागत नाही. फोन २० टक्क्यांपर्यंत येऊ द्या. विमान मोड चालू, स्क्रीन बंद, कव्हर काढलेलं. बरोबर १५ मिनिटं चार्ज करा आणि टक्के लिहून ठेवा. मग फक्त एकच गोष्ट बदला आणि पुन्हा करा. एका वेळी एकच, नाहीतर चोर सापडत नाही.

ऐंशीच्या केबलने १५ मिनिटांत फोन २० वरून ३० वर गेला. त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाकडे त्याच कंपनीचा फोन होता, त्याची मूळ केबल मागितली. चार्जर तोच, फोन तोच, बॅटरी तीच, सॉकेटसुद्धा तेच. १५ मिनिटांत २० वरून ५१!

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे अडीच महिने मी रात्रीच्या ऑर्डरी सोडत होतो, त्या या दोरीमुळे?"

हो रे बाबा. या दोरीमुळे. केबल लांब आणि बारीक होतीच, शिवाय त्या कंपनीच्या जलद चार्जिंगला लागणारी खास जोडणी तिच्यात नव्हती. चार्जर आणि फोन मुके झाले होते आणि ५ व्होल्टवर भागवत होते. बॅटरी ठणठणीत होती. चारशे रुपयांत फोनच्या कंपनीची एक मीटरची केबल आणली. बावीसशे वाचले, आणि रात्री अकरापर्यंत फोन चालायला लागला.

अजून एक बदल केला. तो फोन हँडलवर भर उन्हात लावायचा आणि तापलेला फोन खोलीवर आल्या आल्या चार्जिंगला. आता आधी पाच मिनिटं कव्हर काढून पंख्याखाली ठेवतो, मग लावतो. फ्रिजमध्ये नाही हं! आत दव धरतं, ओलावा शिरतो. नुसता पंखा पुरे.

लक्षात काय ठेवायचं

थोडक्यात, चार जण एका दोरीला बांधून चाललेत: चार्जर, केबल, फोन आणि बॅटरी. सगळ्यात हळू चालणारा जो असेल, त्याच्या वेगाने सगळे चालणार. बाकीच्या तिघांवर कितीही पैसे घाला, वेग वाढत नाही. म्हणून आधी तो चौघांतला कोण ते शोधा.

फोन हळू झाला की या क्रमाने बघा. पहिल्यांदा पोर्ट. खिशातला कचरा त्यात दाबून बसतो आणि केबल नीट आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, टाचणी किंवा पिन अजिबात नको. मग दुसरी केबल लावून बघा. मग दुसरं सॉकेट, दुसरा चार्जर. मग तापमान आणि मागे चालू असलेली ॲप्स. आणि हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, बॅटरी.

चार्जर विकत घेताना दोन गोष्टी वाचा. तुमचा फोन जास्तीत जास्त किती वॉट घेतो, आणि कुठल्या भाषेत: पीडी, पीपीएस की कंपनीची स्वतःची. आणि चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते तपासता येतं. दोन मिनिटांचं काम आहे. रात्रभर उशाशी जे यंत्र चालू राहणार, त्याच्यासाठी दोन मिनिटं द्यायला हरकत नाही.

तर तो १५ मिनिटांचा प्रयोग आज रात्री करून बघा. घरात पडलेल्या सगळ्या केबल्स काढा, एकेक लावा, टक्के लिहा आणि सगळ्यात चांगल्या केबलला रंगीत दोरा बांधून ठेवा. आमच्या घरी लाल दोरावाली केबल आहे. आता भांडणं तिच्यावरूनच होतात. (हसते)

मामेभावाने ती ऐंशी रुपयांची केबल फेकली नाही बरं का. खोलीत वाळत घालायच्या कपड्यांसाठी खिळ्याला बांधलीये. म्हणतो, "ताई, त्या कामाला एकदम फास्ट आहे!"

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि फोन तापलेला असेल तर त्यालाही जरा श्वास घेऊ द्या. नमस्कार!